कुंभारजुवे कालवा: मांडवीची मागची वाट आणि तिच्या काठचे बांध

गोव्यात जून महिना लागला की नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा आग्वादच्या बाजूला, मांडवी नदीच्या मुखातल्या वाळूच्या दांड्यावर फुटू लागतात. दांड्यावर पाणी कमी, त्यात लाटा उंच, त्यामुळे भरलेली बोट तिथून बाहेर काढणे धोक्याचे असते. म्हणून बंदर खाते हे तोंड पावसाळ्याभर वाहतुकीला बंद ठेवते. तिकडे दक्षिणेच्या झुआरी नदीच्या मुखावरचे मुरगाव बंदर मात्र डोंगराच्या आडोशाला असल्याने बारमाही चालते. म्हणजे मांडवीत माल आहे, तो न्यायचा आहे मुरगावला, आणि समोरचा दरवाजा चार महिने बंद. अशा वेळी एकच वाट उरते: दोन नद्यांमधल्या तिसवाडी बेटाच्या पाठीमागून जाऊन दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा.

हे एवढे ध्यानात ठेवले की या कालव्याचा पाचशे वर्षांचा इतिहास सरळ उलगडतो. फौजा, व्यापारी, खाणवाले, सगळ्यांनी तो आपापल्या कामासाठी वापरला. त्याची किंमत मात्र प्रत्येक वेळी काठावरच्या बांधांनी आणि त्या बांधांमागच्या भातशेतीने मोजली. आज तो राष्ट्रीय जलमार्ग आहे आणि त्याच्या पुढच्या वापराची चर्चा चालू असते. त्या चर्चेत बांध पहिल्या ओळीत यायला हवा, हे आमचे ठाम मत आहे. का, ते समजण्यासाठी आधी हे पाणी वागते कसे ते पाहू.

हा कालवा कोणी नकाशावर रेघ मारून खणलेला नाही. भरती-ओहोटीने घडवलेला हा नैसर्गिक, वळणावळणाचा फाटा आहे. माणसाने त्याचा गाळ काढला, काठ बांधून काढले आणि त्याला वाहतुकीजोगा ठेवला. लांबी साधारण पंधरा ते सतरा किलोमीटर, मोजायला कुठून सुरुवात करता त्यावर अवलंबून. उत्तरेला, जिथे मांडवी दिवाडी, चोडण आणि जुवे या बेटांमध्ये फुटते, तिथे कुंभारजुव्यापाशी तो सुरू होतो. पुढे गवंडाळी, बाणस्तारी करत दक्षिणेला उतरतो. पश्चिमेला खोर्ली, करमळी, मांडूर, आजोशी हा तिसवाडीचा काठ. पूर्वेला भोम आणि खाली मडकई हा अंत्रुजाचा, म्हणजे फोंड्याचा काठ. मडकईच्या पुढे तो झुआरीला मिळतो. काही ठिकाणी तो इतका अरुंद आहे की समोरच्या काठावरच्या माणसाशी बोलता येईल, आणि दक्षिणेला त्याचे रूप जवळजवळ नदीचे होते.

दोन तोंडांची भरती

साध्या खाडीला एक तोंड असते. तिथून भरती आत येते, तिथूनच बाहेर जाते. कुंभारजुवे कालव्याला दोन तोंडे आहेत. भरतीच्या वेळी मांडवीकडूनही पाणी आत शिरते आणि झुआरीकडूनही. दोन्ही प्रवाह मध्ये कुठेतरी एकमेकांना अडवतात. तिथे पाण्याचा वेग मरतो, आणि वेग मेला की पाण्यात तरंगणारी माती खाली बसते. त्यामुळे या कालव्यात गाळ साचणे हा अपघात नाही, तो त्याच्या स्वभावाचा भाग आहे. गाळ आज काढला तरी काही हंगामांत तो पुन्हा भरणार, हे गृहीत धरूनच इथली कोणतीही योजना आखावी लागते.

पावसाळ्यात गणित बदलते. मांडवीचे पाणलोट क्षेत्र झुआरीपेक्षा बरेच मोठे. घाटात पाऊस कोसळला की मांडवीला गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि कालव्यातले पाणीही गोडसर, गढूळ होते. डिसेंबरनंतर नद्यांचे पाणी आटत जाते आणि समुद्राचे खारे पाणी आत आत सरकते. एप्रिल-मेमध्ये कालव्याचे पाणी चाखले तर सरळ खारे लागते. एकाच जागी, एकाच वर्षात पाणी गोडे आणि खारे असे दोन्ही होते. काठावरची शेती, मासे, मगरी, कांदळवन, सगळ्यांचे वेळापत्रक या बदलावर बसलेले आहे.

वेळ काढायची जुनी रीत अजून चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या तासाचा अंदाज मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात आणि रोज भरती पाऊणएक तासाने पुढे ढकलली जाते. हा ढोबळ अंदाज आहे. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी, आणि समुद्रातली भरती कालव्यात पोचायला आणखी थोडा वेळ लागतो तो त्यात धरावा. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दिवसांत उधाण असते. पाणी दोन मीटरहून अधिक चढते-उतरते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. चढउतार बराच कमी. उधाण बोटवाल्याच्या सोयीचे, कारण खोली मिळते. भांग बांध दुरुस्त करणाऱ्याच्या सोयीचा, कारण पाण्याचा जोर कमी असतो. एकाच कालव्यावरच्या दोन कामांना दोन वेगळ्या तिथी लागतात.

खंदक, उतार आणि पहारा

सोळाव्या शतकात तिसवाडी बेटाचे संरक्षण म्हणजे हे पाणी. पोर्तुगीज सेनापती आफोंस द आल्बुकेर्कने १५१० च्या सुरुवातीला गोवा घेतला, पण मे महिन्यात आदिलशाही फौज भर पावसात याच कालव्यावरून बेटावर उतरली आणि पोर्तुगिजांना शहर सोडून जहाजांवर जावे लागले. आणि मग ती जहाजे मांडवीतच अडकली, कारण पावसाळा लागून मुखावरचा दांडा बंद झाला होता. ऑगस्टपर्यंत त्यांना समुद्रावर जाता आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी शहर परत घेतले. पण बाणस्तारीचा कोट आदिलशाहीच्या हातात जाऊन बसला, तो १५१२ मध्ये वेढा घालून सोडवावा लागला. बाणस्तारी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात बेटाची मागची कडी.

यानंतर पोर्तुगिजांनी कालव्यावरच्या प्रत्येक उतारावर, म्हणजे पाणी ओलांडायच्या जागेवर, चौकी बसवली. गवंडाळीच्या उताराला ते ‘पासो सेको’ म्हणत, म्हणजे कोरडा उतार. ओहोटीला तिथे पाणी इतके उतरे की माणूस चालत पलीकडे जाऊ शके. खंदकात पाणी असते म्हणून तो खंदक. दिवसातून दोनदा ते पाणी उतरत असेल तर तितका वेळ पहारा दुप्पट लागतो. १५७०-७१ च्या मोठ्या वेढ्यात आदिलशाही फौजा महिनोन्‌महिने याच काठाच्या पलीकडे तळ देऊन होत्या. आणि २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या फौजेने ओहोटीची वेळ साधूनच जुवे बेटावरचा सांत इस्तेव्हचा कोट घेतला. गोव्याच्या इतिहासातल्या या लढाया वाचताना शेजारी पंचांग ठेवावे. कोणत्या तिथीला, भरतीला की ओहोटीला, हे कळल्याशिवाय त्यातले निम्मे डावपेच समजत नाहीत.

१७६३ मध्ये फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला. दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आले आणि सीमा म्हणून कालव्याचे महत्त्व संपले. राजधानीही १८४३ मध्ये अधिकृतपणे पणजीला गेली. मग उरली ती गावगाड्याची वाहतूक: नारळ, भात, मीठ, कौले, लाकूड. कुंभारजुव्याचे व्यापारी आणि बाणस्तारीचा आठवड्याचा बाजार या वाहतुकीवर उभे राहिले. पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, भरतीबरोबर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर जात. वल्ह्याची मेहनत वाचावी म्हणून प्रवाहाची वाट पाहणे हा त्या धंद्यातला साधा हिशेब होता.

बार्जींचा काळ

विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिजाची निर्यात वाढली आणि कालव्याचे नशीब पुन्हा फिरले. मांडवीच्या वरच्या अंगाला, डिचोली-सत्तरीच्या बाजूच्या धक्क्यांवर खनिज भरायचे आणि मुरगावला जहाजावर चढवायचे. हवा चांगली असताना बार्जी, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, पणजीवरून, आग्वादच्या मुखातून, काबोच्या टोकाला वळसा घालून जात. पावसाळ्यात त्याच बार्जी कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरत. १९७९ मध्ये मुरगावला खनिज हाताळणीची यांत्रिक सोय झाली आणि वाहतुकीचा वेग आणखी वाढला. बार्जीही वाढत गेल्या. हजार टनांच्या, मग दोन हजारांच्या पुढच्या.

आता एक भरलेली बार्ज अरुंद कालव्यातून जाते तेव्हा काय होते ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे नुकसान यातून समजते.

भरलेली बार्ज पाण्याखाली साधारण तीन मीटर असते. तिच्या तळाखाली आणि दोन्ही बाजूंना पाण्याला जागा थोडीच उरते. बार्ज पुढे सरकताना समोरचे पाणी ढकलते, आणि ते पाणी तिच्या बाजूंच्या अरुंद पट्ट्यांतून वेगाने मागे जाते. वेग वाढला की पाण्याची पातळी खाली येते. म्हणून काठावर उभ्या असलेल्या माणसाला बार्ज समोर येण्याआधी पाणी खाली उतरताना दिसते. बांधाचा पायथा काही क्षण उघडा पडतो. बार्ज पुढे गेली की तेच पाणी उसळी मारून परत येते आणि पायथ्यावर आपटते. पहिली ओढ बांधाच्या ओल्या मातीतले पाणी बाहेर खेचते, आणि त्याबरोबर मातीचे बारीक कण येतात. दुसरी धडक सैल झालेली माती घेऊन जाते. बार्जमुळे बांध वरून फुटत नाही, तो खालून पोखरला जातो. वरचा माथा दिसायला शाबूत असतो, आणि एखाद्या उधाणाला सगळा तुकडा एकदम बसतो. गावकरी म्हणतात, काल बरा होता, आज गेला. तो काल बरा नव्हता. पायथा कोणी पाहिला नव्हता.

वेग हा इथला कळीचा मुद्दा. अरुंद पाण्यात वेग निम्मा केला तर ही ओढ साधारण चौथ्या हिश्शावर येते. म्हणून वेगमर्यादा हा कागदी नियम नाही. बांध वाचवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. पण भरलेल्या बार्जीला भरतीची मर्यादित वेळ मिळते. उथळ जागा ओलांडायच्या तर पाणी चढलेले असतानाच. उशीर झाला तर पुढच्या भरतीपर्यंत नांगर टाकून बसा. फेऱ्यांवर पैसे ठरत असले की वेग वाढणारच. यात खलाशाला दोष देऊन भागत नाही. मोबदल्याची पद्धत आणि गाळ काढण्याची हयगय या दोन्ही गोष्टी त्याला वेग वाढवायला लावतात.

दुसरे नुकसान गाळाचे. खाणींतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरची, म्हणजे डंपांवरची, लाल माती पावसाबरोबर ओढ्यांतून नदीत, नदीतून कालव्यात येते आणि जिथे दोन भरत्या भेटतात तिथे बसते. कालवा उथळ होतो, बार्जींना आणखी नेमकी भरती पकडावी लागते, घाई आणखी वाढते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. रिकाम्या बार्जी काठाला लागून गंजत पडल्या. बार्जींवर पोट असणाऱ्या घरांचे त्या काळात खरोखर हाल झाले. खाणी आता लिलावाच्या नव्या पद्धतीने हळूहळू पुन्हा सुरू होत आहेत, आणि त्याबरोबर कालव्यावरच्या वाहतुकीचा प्रश्नही परत येतो.

बांधाच्या मागे काय आहे

कालव्याच्या दोन्ही काठांना सखल जमीन आहे, भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली. हिला खाजन म्हणतात. गोव्यात अशी सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन आहे आणि ती पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी बांध घालून समुद्राकडून मिळवलेली. बांधांची देखभाल, खर्चाची वाटणी, दंड, हे सगळे गावकरीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या व्यवस्थेच्या, रिवाजाने चाले. हे रिवाज १५२६ च्या फोराल या पोर्तुगीज सनदेत लिहून घेतले गेले.

बांध चिकण मातीचा. ओहोटीला काठावरून कुदळीने मातीची मोठी ढेकळे कापायची, ती ओली असतानाच थर लावून पायांनी दाबायची, थर सुकू द्यायचा, मग पुढचा. घाईने एकदम उंच केलेला बांध आतून ओला राहतो आणि सुकताना त्याला भेगा पडतात. बाहेरच्या अंगाला जिथे प्रवाह लागतो तिथे चिऱ्यांची बांधणी. आणि त्याच्याही पुढे कांदळ, तिवर, चिपी यांची रांग, जी लाटेचा जोर बांधापर्यंत पोचण्याआधीच मोडते. हे झाड बांधाच्या समोर हवे, बांधावर नको. बांधावर उगवले तर मुळे माती फोडतात आणि झाड मेल्यावर मुळांच्या पोकळ्या राहतात. खेकड्यांची बिळेही तसेच काम करतात: आधी बोटाएवढे छिद्र, त्यातून भरतीचे पाणी झिरपू लागते, झिरपणारे पाणी गढूळ दिसले म्हणजे माती वाहते आहे. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर दोन दिवस थांबता येते. गढूळ असेल तर त्याच ओहोटीला छिद्र उकरून चिकण मातीने ठासून भरावे लागते.

खाजनाचा जीव मात्र मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातले दार. दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, मध्ये लाकडी फळ्यांची झडप, वरच्या कडेला टांगलेली, खालून मोकळी आणि कालव्याच्या बाजूला उघडणारी. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उचलली जाते आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. भरतीला बाहेरचे पाणी चढले की तेच पाणी झडपेला उंबऱ्यावर दाबून बंद करते. कोणी तिथे उभे राहायची गरज नाही. दिवसातून दोनदा पाणी स्वतःच दार उघडते आणि लावते. आतल्या बाजूला पोय असते, म्हणजे शेतांतून फिरणारा रुंद पाट, जो जादा पाणी झेलतो आणि ते मानशीपर्यंत आणतो.

मानस बिघडते ती चार-दोन ठरलेल्या कारणांनी. फांदी किंवा प्लास्टिक उंबऱ्यात अडकले की झडप पूर्ण बसत नाही आणि बोटभर फटीतून रात्रभर खारे पाणी आत येत राहते. खाऱ्या पाण्यातले किडे लाकूड पोखरतात; फळी बाहेरून धड दिसते, टोकदार सळईने टोचली तर आत जाते. मानशीच्या बाजूच्या भिंतीमागची माती धुपून पाणी दाराला बगल देऊन वाहू लागते, हा सर्वांत धोकादायक प्रकार, कारण त्यात अख्खी मानस उखडते. आणि चौथे कारण माणसाचे. ओहोटीला पाणी बाहेर पडताना मानशीला जाळे लावतात. सुंगटे, शेवटे, काळुंद्र, चणाक मिळतात. या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांध राखायचा, अशी मूळ व्यवस्था. पण भरतीला झडप वर बांधून ठेवली तर आत जास्त मासे येतात. ठेकेदाराचा फायदा होतो आणि शेतात मीठ चढते. लिलावाचा पैसा भाताच्या उत्पन्नाहून मोठा झाला तिथे तिथे शेती मागे हटली, हे कालव्याच्या दोन्ही काठांवर दिसते.

शेतीचे चक्र असे. जूनच्या पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघते, ते पाणी मानशीतून बाहेर सोडायचे, दोन-तीनदा सोडायचे. मग कोरगूट, आसगो यांसारखे खारे सोसणारे भात मोड आणून पेरायचे. ऑक्टोबरमध्ये कापणी. त्यानंतर खारे पाणी मोजून आत घेतले जाते, त्याबरोबर माशांची पिले येतात. पाणी घेण्यामागे आणखी एक कारण आहे, जे शेती खात्याच्या बाहेर फारसे बोलले जात नाही: खाजनाची माती पूर्ण सुकून हवा लागली तर तिच्यातल्या गंधकामुळे ती आंबट होते आणि पुढचे पीक पिवळे पडते. म्हणून खाजन कायमचे कोरडे ठेवणेही चुकीचे आणि कायमचे बुडवणेही चुकीचे.

उभ्या पिकात बांध फुटला तर ते पीक जातेच, शिवाय मीठ धुऊन निघायला एखाद-दुसरा पावसाळा लागतो. भगदाड बुजवायचे ते भांगाच्या दिवसांत, ओहोटी लागताच. माडाच्या खोडांचे खांब दोन रांगांनी ठोकायचे, त्यांना बांबूच्या कामट्या विणायच्या, दोन रांगांमध्ये पेंढा आणि चिकण माती दाबून भरायची. दोन्ही कडांकडून मध्याकडे यायचे आणि शेवटचे तोंड पुढची भरती चढण्याआधी बंद व्हायलाच हवे. ते राहिले तर अरुंद तोंडातून पाणी इतक्या जोराने आत येते की दिवसभराचे काम घेऊन जाते. म्हणून माणसे आणि माती आधी जमवायची, मगच हात घालायचा. पन्नास माणसांचे सहा तासांचे काम दहा माणसांना सहा दिवसांत जमत नाही.

इथेच आजची अडचण आहे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याच्या हाती गेली, हे न्याय्यच झाले. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादकडून (गावकरीचे पोर्तुगीज काळातले नाव) कूळ संघांकडे, म्हणजे जमीन कसणाऱ्यांच्या संघांकडे, जाताना वाटेत सैल झाली. बरेच संघ कागदावर आहेत, शेतकरी कमी, मजूर महाग. खात्याकडे अर्ज, अंदाजपत्रक, निविदा यात पावसाळा येतो. फुटलेला बांध दोन-तीन वर्षे तसाच राहिला की आत कांदळवन वाढते, आणि ते वाढले की किनारी नियमन कायद्याचे संरक्षण त्याला लागू होते. मग तीच जमीन पुन्हा शेतीखाली आणणे जवळजवळ अशक्य. कांदळवन मोलाचे आहेच. पण आपले खाजन दुर्लक्षाने कांदळवन झाले की ठरवून, हा फरक राहतो.

पाण्यातले शेजारी

या कालव्यात मगरी आहेत, आणि त्या गोड्या पाण्याच्या जातीच्या. इतक्या खाऱ्या पाण्यात ही मगर टिकते हे अभ्यासकांना कुतूहलाचे वाटते. हिवाळ्यात सकाळी, ओहोटीने चिखल उघडा पडला की त्या उन्हाला येऊन पडतात. पर्यटकांच्या बोटी त्याच वेळी फिरतात. भोमला पौष अमावास्येला शेतकरी खाजनाकाठी चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. याला ‘मानगे थापणी’ म्हणतात. मानगे म्हणजे मगर. अंगावर शिंपल्यांचे खवले लावतात. बांध राखणारी माणसे रोज ज्या पाण्यात उतरतात तिथल्या सर्वांत बलवान प्राण्याशी सलोखा ठेवण्याची ही रीत आहे, आणि ती मनापासून पाळली जाते. बोटीने जाणाऱ्यांनी इंजिन मंद ठेवावे, काठापासून अंतर राखावे आणि मगरीला खाणे टाकू नये. खाण्याची सवय लागलेली मगर होडी पाहून जवळ येते, आणि पुढची होडी बहुधा एखाद्या मच्छीमाराची असते.

कुंभारजुव्याला गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी सांगोड निघते. दोन होड्या शेजारी घट्ट बांधून वर फळ्यांची बैठक करायची, त्यावर देखावा उभारायचा आणि गणपतीसोबत पाण्यावर मिरवायचे. एकट्या होडीवर देखावा कलंडेल. दोन जोडल्या की रुंदी मिळते आणि तोल राहतो. एरवी वाहतुकीच्या चर्चेत अडकलेल्या या पाण्यावर त्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी भरतात.

जलमार्ग क्रमांक २७

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यात गोव्यातले सहा आहेत. मांडवी ६८ वा, झुआरी १११ वी आणि कुंभारजुवे २७ वा, सतरा किलोमीटरचा. गोव्यात याला विरोध झाला तो मुख्यतः नद्यांवरचा हक्क आणि कोळशाची वाहतूक या भीतीने. ती भीती रास्त आहे. पण जलमार्ग होवो न होवो, या कालव्यावर बोटी चालत आल्या आहेत आणि चालणार आहेत. म्हणून अटी नेमक्या मागायला हव्यात.

गाळ काढायचा तर मध्यभागातून काढावा, बांधाच्या पायथ्यापासून ठरावीक अंतर सोडून. पायथ्याशी खोल केले की बांध घसरतो. काढलेला गाळ कुठे टाकणार ते आधी ठरावे. स्वच्छ चिकण गाळ बांधाच्या डागडुजीला उपयोगी पडतो, पण खनिजमिश्रित लाल गाळ शेतात टाकला तर जमीन बाद होते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर माती तपासूनच. भरलेल्या बोटींची वेगमर्यादा अरुंद टप्प्यांत वेगळी असावी आणि ती यंत्राने नोंदली जावी. वाहतुकीवर जो कर बसेल त्यातला हिस्सा थेट त्या काठच्या कूळ संघाच्या बांध-खात्यात जावा. आणि दरवर्षी मे महिन्यात, अमावास्येच्या उधाणाला, बंदर खाते, शेती खाते आणि संघ यांनी मिळून ओहोटीच्या वेळी होडीतून बांधाचा पायथा पाहावा. माथ्यावरून चालत केलेली पाहणी या कालव्यावर उपयोगाची नाही.